मदत हवी आहे: व्हीएलसीत एक फाइल हळू, दुसरी मोठ्याने वाजते

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आम्ही मोफत अभ्यासिका चालवतो. दुपारी मुलं डबा खातात तेव्हा अर्धा तास सतार किंवा बासरी लावतो. जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स आणि व्हीएलसी हा प्लेअर. फाइली सगळ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या (म्हणजे ठरावीक अटी पाळून मोफत वापरता येणाऱ्या), इंटरनेट आर्काइव्हवरून घेतलेल्या. काही फ्लॅक, काही ऑग स्वरूपातल्या.

अडचण अशी की एक फाइल जेमतेम ऐकू येते आणि पुढची एकदम दणक्यात सुरू होते. मुलं दचकतात. व्हीएलसीत रिप्लेगेन (सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) चालू करून पाहिलं, फरक पडला नाही. बहुधा फाइलींत त्यासाठी लागणारे टॅग, म्हणजे आवाजाच्या पातळीच्या नोंदी, नाहीतच. मूळ ध्वनीला धक्का न लावता अख्ख्या फोल्डरला एकदम टॅग लावायचे तर सोपं साधन कोणतं? रागाचे आलाप आणि जोड हे एकामागून एक येणारे भाग वेगळ्या फाइलींत आहेत, तिथे मधे खंड पडतो आणि रंगलेली बैठक मोडल्यासारखं वाटतं. त्यासाठी ऑडेशियस हा दुसरा प्लेअर कुणी वापरलाय का?

शिवाय काही फाइलींवर 'बीवाय-एनसी' आहे, म्हणजे व्यावसायिक वापर नको. उद्या वीजबिलापुरतं शुल्क घ्यावं लागलं तर त्या काढाव्या लागतील का? कलाकाराचं नाव आणि परवाना आम्ही रोज फळ्यावर लिहितो. श्रेय म्हणून तेवढं पुरेल?