वॉलेटचं लॉगिन २४ शब्द मागतंय, टाकू का?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, त्यातनं उरेल तसं थोडं थोडं बिटकॉइन घेत आलोय आणि सगळं एक्स्चेंजवरच, म्हणजे कॉइन घ्यायच्या-विकायच्या साइटवरच पडून होतं. जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवरनं २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले, माझं तिथं काही नव्हतं पण झोप उडाली ती उडालीच. शेवटी लेजर मागवलं, म्हणजे कॉइनची चावी ठेवायचं छोटं डिव्हाइस. काल सेटअप केला, त्याने दाखवलेले २४ शब्द पोरीच्या वहीच्या पानावर लिहून घेतले. आज बॅलन्स बघावा म्हणून गुगलवर वॉलेट लॉगिन टाकलं तर सगळ्यात वर एक साइट आली, दिसायला सेम टू सेम, तिथं २४ शब्द टाका म्हणतंय. ११ टाकले आणि कसंतरीच वाटायला लागलं म्हणून थांबलोय. टाकू का पुढचे? आयडी पासवर्ड कुठंच दिसत नाही.

बाळीवेस_बॉय
ओ मालक थांबा की!! आधी ती टॅब बंद करा

कडक_भाकरी
या वॉलेटला लॉगिन नावाची भानगडच नसते. आयडी नाही पासवर्ड नाही, डिव्हाइस केबलने जोडायचं, त्याच्यावरच पिन दाबायचा, कंपनीचं ॲप उघडायचं, झालं. कॉइन त्या डबीत नसतात, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे नेटवरच्या सगळ्यांच्या सामायिक खातेवहीत असतात, डबीत फक्त चावी असते आणि ते २४ शब्द म्हणजे तीच चावी. म्हणून ते फक्त डिव्हाइसच्या बटनांनी डिव्हाइसमध्येच टाकायचे, ते पण डबी हरवली किंवा बिघडली तरच. कॉम्प्युटरवर, मोबाईलवर, फोटो काढून, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून, कुठंच नाही. आणि ॲप कंपनीच्या साइटचा पत्ता हाताने टाइप करूनच घ्या, गुगलवर वर आलेली जाहिरात कोण पण पैसे देऊन लावतो.

बाळीवेस_बॉय
पण ११ च गेलेत ना, त्यावर काय करणार बे तो

कडक_भाकरी
हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतनं येतात, त्यातले १३ अजून शोधायला लागतील, ते कुणाच्या बापाला जमत नाही हे खरं. तरी ते शब्द मी वापरणार नाही, त्या साइटने अजून काय उचललं कुणाला माहीत. कॉइन एक्स्चेंजवरनं डबीवर हलवले नसतील तर पाच मिनिटाचं काम आहे, डिव्हाइस रिसेट करून नवे शब्द घ्या. मग पहिल्यांदा पाचशे रुपयाचंच पाठवा, परत रिसेट मारून कागदावरच्या शब्दांनी ते परत येतंय का बघा, आलं की मगच बाकीचं. पाठवताना ॲड्रेस डिव्हाइसच्या स्क्रीनवर जुळवून बघायचा, कॉम्प्युटरवरचा व्हायरस बदलू शकतो.

स्टीलची_चरवी
वहीचं पान नको ओ, आमच्याकडं आईने असलंच एक पान शेंगाचटणीच्या पुडीला वापरलेलं. मी स्टीलच्या पट्टीवर पंचने ठोकलेत. पूर्ण शब्द पण लागत नाही, पहिली चार अक्षरं बास, यादीत तेवढ्यावर प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो. फक्त भांड्यावर नावं घालणाऱ्याकडं जाऊ नका, तो पण वाचतो.

टॉवेलवाला_सोलापूर
पाणी पाणी झालं वाचून. कॉइन अजून एक्स्चेंजवरच आहेत, वाचलो. रिसेटचा मेन्यू सापडेना म्हणून मुद्दाम तीनदा चुकीचा पिन दाबला, सगळं साफ पुसलं गेलं, आता नवे शब्द लिहितोय आणि जुनं पान जाळलं. चरवीवाले, तो इंग्रजी अक्षरांचा पंच सेट केवढ्याला बसला आणि कुठं मिळाला?