मदत हवी आहे: दुसऱ्या सदनिकेचे मुद्रांक शुल्क बँक कर्जात धरत नाही, तूट कशी भरून काढावी?

कोथरूडचा_खरेदीदार:
भाड्याने देण्यासाठी कोथरूडमध्येच दुसरी सदनिका घेत आहे. ठरलेली किंमत ८० लाख असून त्यातील १६ लाख हाताशी आहेत. बँकेने ६४ लाख मंजूर केले, परंतु मुद्रांक शुल्क त्यात धरण्यास साफ नकार दिला. विक्रेत्याला महिनाअखेरीस करार हवा आहे. वैयक्तिक कर्ज घ्यावे की पहिल्या घराच्या चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज? "घरच घेऊ नका" हा सल्ला कृपया देऊ नये.

हिशेबनीस:
नकार नियमाला धरूनच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. पुण्यात ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, म्हणजे दलाली सोडूनच ५ लाख ९० हजार कमी पडतात. पहिल्या घराचा हप्ता, अपेक्षित भाडे आणि आपली करप्रणाली यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पर्वतीपायथा:
खरेदी पत्नीच्या नावे करावी. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळून ८० हजार तिथेच वाचतात. आम्ही तेच केले.

हिशेबनीस:
पती सहखरेदीदार असेल तर ती सवलत मिळत नाही. शिवाय पैसा पतीचा असेल, तर घर पत्नीच्या नावे असूनही भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

पर्वतीपायथा:
मी प्राप्तिकराविषयी अवाक्षरही काढलेले नाही; प्रश्न तुटीचा आहे आणि ती ८० हजारांनी कमी होते.

जमीनजुमला:
माझे ऐकाल तर सदनिकेचा नाद सोडून मुळशीकडे बिगरशेती भूखंड घ्यावा. भाडेकरूंची कटकटच नाही.

कोथरूडचा_खरेदीदार:
भूखंडाविषयी मी विचारलेले नाही. पहिल्या घराचा हप्ता २८ हजार आहे, भाडे २० हजार येईल आणि मी नवीन करप्रणालीत आहे. कर्जाशी तिचा काय संबंध?

हिशेबनीस:
संबंध असा की ६४ लाखांवर साडेआठ टक्के दराने पहिल्या वर्षी सुमारे ५ लाख ४० हजार व्याज जाईल आणि भाडे येईल २ लाख ४० हजार. जुन्या प्रणालीत घराचा असा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. वीस वर्षांच्या मुदतीचा हप्ताही साडेपंचावन्न हजारांच्या घरात जातो. त्यामुळे तूट भरायचीच असेल तर टॉप-अप बरा. त्याचा दर सहसा वैयक्तिक कर्जापेक्षा कमी आणि मुदत लांब असते.

पेठेतला_करदाता:
वीस हजार पूर्ण हाती पडणार नाहीत. पुणे महापालिका मिळकतकरात देत असलेली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. सोसायटीही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) लावू शकते.

कोथरूडचा_खरेदीदार:
टॉप-अपचे ठरवतो. त्यानंतर ६४ लाखांची मंजुरी तशीच राहील ना?

हिशेबनीस:
ते गृहीत धरू नये. नव्या हप्त्यामुळे पात्रता घटू शकते, म्हणून टॉप-अपविषयी याच बँकेला आधी लेखी कळवावे. तसेच विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का, म्हणजे ८० हजार, कापून त्याच्या नावे प्राप्तिकर खात्यात भरणे ही जबाबदारी आपली आहे. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने ती टळत नाही. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आहे का, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.