पोरांसाठी लावला आणि आपणच बघत बसलो

मंडळात दिवाळीच्या सुट्टीत पोरांसाठी सिनेमे लावतो, तेव्हा पुढच्या सतरंज्या हळूहळू रिकाम्या होतात आणि मागच्या खुर्च्यांवरचं कुणी हलत नाही. हे यंदाही झालं, म्हणून हा धागा. मुलांच्या गोष्टीवरून केलेला कुठला सिनेमा तुम्हाला मोठेपणी लागला? ग्वाल्हेरकरांनी आणि ग्वाल्हेर सोडून गेलेल्यांनीही लिहावं. गोष्ट सांगत बसू नका, तुम्हाला कुठे टोचलं ते सांगा.

सुरुवात मी करते. 'द लिटल प्रिन्स', मार्क ऑस्बर्नचा, २०१५चा. मूळ पुस्तक १९४३चं, पण सिनेमात त्याभोवती आजच्या काळातली एक मुलगी आणि तिची आई आणून बसवलीय. आईने लेकीच्या अख्ख्या आयुष्याचा भिंतभर तक्ता केलेला असतो, मिनिटामिनिटाचा. हॉलमध्ये सगळे हसले. मी नाही हसले, आमच्या फ्रिजवर तसलाच तक्ता आहे. आणि खरं सांगू, मला त्या आईवर अन्याय झाल्यासारखा वाटला. एकटी बाई, दिवसभर नोकरी, लेक शाळेच्या मुलाखतीत अडखळलेली. तिने तक्ता करायचा नाही तर काय करायचं? लेकीला छोट्या राजपुत्राची गोष्ट सांगणाऱ्या शेजारच्या वैमानिक आजोबांना बरं आहे, त्यांना फी भरायची नाहीये. माझ्या लेकीला मात्र त्या गोष्टीतला कोल्हा आवडला.

जनकगंज, वय ७८

माझा 'श्यामची आई'. हा जुना, अत्र्यांचा, १९५३चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. लहानपणी आईने गल्लीतल्या सगळ्या पोरांना नेलं होतं. पोहायला जात नाही म्हणून श्यामला मार बसतो तिथे मी भोकाड पसरलं, एवढंच लक्षात आहे. 'छडी लागे छमछम' मात्र आम्ही महिनाभर गात होतो.

मग लग्न झालं, मुलं झाली. ह्यांनी भावाबरोबर लोखंडाचं दुकान काढलं होतं, ते बसलं. त्या काळात रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागायचे. मराठी असला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत जेवणं लवकर उरकायची. एकदा हाच लागला. मुलं समोर, आम्ही दोघं मागे. मी श्यामकडे बघतच नव्हते. मला सारखे त्याचे वडील दिसत होते. खोताच्या घराण्यातला माणूस, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, आणि दारात तगादा. लहानपणी ही माणसं मला दिसलीच नव्हती, नुसती येऊन जात होती. ह्यांनी मधेच उठून टीव्ही बंद केला. मुलं ओरडली. मी म्हटलं, लाइट जाणार आहे, चला झोपा थोडं. लाइट काही गेली नाही.

थोडं विषयांतर चालेल ना? आईचं काम करणाऱ्या वनमाला आपल्या ग्वाल्हेरच्या. संस्थानातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी सिनेमात गेली, ह्याची चर्चा आमच्या आजेसासूबाई म्हातारपणीसुद्धा चवीने करायच्या. १९४१च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर त्याच होत्या. तो थाट बघा आणि मग हे नऊवारीतलं काम बघा. २००७ साली इथेच वारल्या. नव्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहे?

धागा काढणारीची लेक (आईच्या फोनवरून)

आई, मला कोल्हा आवडला हे तू परस्पर लिहिलंस. मला ते आजोबा आवडले. त्यांना हॉस्पिटलात नेतात तेव्हा मी पाणी प्यायला गेले होते ना, तेव्हा मला तहान लागली नव्हती. आणि तक्ता फ्रिजवरून काढ.

मूळचा दौलतगंजचा, आता पुण्यात

आजी, तुमचं वाचून गप्प झालो. पण मी थोडं उलटं लिहिणार आहे. 'श्यामची आई' आमच्या घरी सिनेमा म्हणून कधी बघितलाच नाही, तो आम्हाला सुधारण्यासाठी लावायचे. पायाला घाण लागू नये म्हणून आई पदर पसरते तो प्रसंग आला की बाबा माझ्याकडे बघायचे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते लिहिलं तेव्हा त्यांच्या मनात हे नसणार. आता मला स्वतःचा मुलगा आहे आणि मी त्याला तो अजून दाखवलेला नाही. २०२३ला सुजय डहाकेंनी नवा केला, तोही कृष्णधवल. तिकीट काढून एकटा बघून आलो. त्याबद्दल काही लिहीत नाही.

मुरार, निवृत्त फौजी

लांब लिहिता येत नाही. सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन', १९६९. गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर यांची. युनिटमध्ये बंगाली दोस्त होता, त्याने दाखवला. पुढे नातवंडांबरोबर पुन्हा बघितला. हल्ला नावाच्या राज्याचं सैन्य लढाईला निघतं, हाडं वर आलेली माणसं, चालवत नाही. गुपी-बाघा गातात, आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरतात आणि सैनिक हत्यारं टाकून धावतात. नातवंडं लोळून हसली. मी रसद खात्यात नोकरी केलेली आहे. वरच्या ठाण्यावर दोन दिवस रसद पोचली नाही की माणसाचं तोंड कसं होतं, ते मी बघितलंय. राय साहेबांनी ती तोंडं बरोबर निवडली आहेत. बाकी भुतांचा नाच वगैरे छान आहे.

सिटी सेंटर, घरून काम करणारी

'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. मॉरिस सेंडाक यांचं १९६३चं पुस्तक आमच्याकडे आहे, लेकाला झोपताना वाचून दाखवते, पाच मिनिटांत संपतं, त्यात आईचा चेहरासुद्धा नाही. २००९च्या सिनेमात स्पाइक जोन्झने ती आई उभी केलीय. ऑफिसचं काम घरी घेऊन बसलेली, फोनवर वरिष्ठांशी बोलताना आवाज कापतोय. पोरगा टेबलाखाली आडवा पडून तिच्या पायमोज्याचं टोक ओढत राहतो. ती त्याला रागावत नाही. म्हणते, गोष्ट सांग, आणि तो सांगेल ते टाइप करत जाते.

हा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा बघितला. माझा लेक म्हणाला, राक्षस कधी येणार? राक्षस आले तेव्हा त्याला ते आवडले नाहीत, फारच रडतात म्हणे. खरंच रडतात. एकमेकांवर चिडतात, घरं बांधतात आणि मोडतात, आणि त्यांचा राजा झालेला तो पोरगा सगळं ठीक करेल अशी वाट बघतात. आमच्या ऑफिसचा ग्रुप डोळ्यासमोर आला. राहूल... नाही, नाव नको.

बाड्याजवळ किराणा दुकान

विशाल भारद्वाज यांचा 'द ब्लू अंब्रेला'. रस्किन बाँडच्या गोष्टीवरचा, मुलांचा म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पंकज कपूरने त्यात डोंगरातला दुकानदार केलाय, खत्री. त्याला एका पोरीची निळी छत्री हवी असते. ती चोरून, लाल रंगवून मिरवतो. पावसात रंग उतरतो आणि गाव त्याला वाळीत टाकतं. पकडला गेला तेव्हा नातवाने टाळ्या वाजवल्या.

पण नंतरचं बघा. हिवाळा, बर्फ, दुकान उघडं आणि गिऱ्हाईक नाही. मी काउंटरमागे आयुष्य काढलंय. रिकाम्या दुकानात माणूस बरण्या पुसतो, पुन्हा पुसतो, रस्त्यावर कुणी दिसलं की उभा राहतो. आमच्या गल्लीत मोठं मॉल झालं तेव्हा मीही हेच करत होतो, आणि मी तर कुणाची छत्री घेतली नव्हती. पंकज कपूरला हे कुणी सांगितलं कोण जाणे.

मूळचा दौलतगंजचा, आता पुण्यात

काका, खत्रीचं पटलं नाही. छत्री त्या लहान पोरीची होती. तिच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. हा दुकानदारांचा दुकानदारांना पाठिंबा झाला!

बाड्याजवळ किराणा दुकान

अरे भैया, चोरीला चोरीच म्हणतोय. प्रश्न शिक्षा किती दिवस हा आहे. शेवटी ती पोरगीच त्याच्या दुकानात छत्री ठेवून जाते ना? सगळ्या गावात तेवढं एकटीला सुचलं. तू पुन्हा बघ, मुलाला घेऊन बघ, आणि मग माझ्याशी भांड. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं.