घरामागच्या तळ्यात पाण्याखाली गवत माजलंय, काय करावं?

मोसंबीवाला (अंबड):
राम राम मंडळी. वस्तीवर घरामागं 10 गुंठ्यांचं मातीचं तळं आहे, तळाला प्लास्टिकचा कागद टाकलेला नाही. औंदा पाण्याखाली गवत लई माजलंय. मोटार लावली की फुटव्हॉल्व्हला (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला) गुंडाळतंय, ड्रीपचा फिल्टर सारखा चोंदतोय. पोरं दाताळ्यानं ओढायलेत, पण थोड्या दिवसांत पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो टू-फोर-डी मारा. तळ्यात रोहू-कटला आहे. मारू का?

बांधावरचा:
गोठ्याचं पाणी तळ्यात जातं का? जात असंल तर आधी ते वळवा. गवताला फुकटचं खत चाललंय.

तळ्याकाठचा (परभणी):
एक दांडी हातात घेऊन बघा. पेरापेराला चार ते आठ पानं गोल बसलेली अन् कडा बोटाला खरखरीत लागल्या, तर तो हायड्रिला. दाताळ्यानं तो वाढतोच, कारण पेर असलेला तुकडा पाण्यात राहिला की तिथून नवा फुटवा निघतो. चिखलात वाटाण्याएवढ्या गाठी असतात त्या वेगळ्याच. तळं आटलं तरी लगेच मरत नाहीत.

टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाचं औषध. हायड्रिला त्यातला नाहीच. वारं फिरलं तर शेजाऱ्याच्या कपाशीची पानं भेंडीसारखी होतील अन् बांधावर भांडण. (विकणाऱ्याचं काय, त्याला डबा खपवायचाय.) मोरचूदही नको. आपल्या जड पाण्यात त्याचा जोर जातो, आणि डोस वाढवला की मासे उलटे.

गवत्या सोडा, म्हणजे ग्रास कार्प. हायड्रिला आवडीनं खातो. अर्ध्या किलोचे हेक्टरी 300-400 सांगतात, म्हणजे तुम्हाला 30-40 पुरे. तळ्यात त्याची वीण होत नाही, त्याला वाहती नदी लागते. सांडव्याला मात्र जाळी लावा.

मोसंबीवाला (अंबड):
एवढे मोठे कुठून आणू? मत्स्यबीज केंद्रावर बोटुकलीच (बोटाएवढी पिल्लं) मिळती. अन् तळ्यात मरळ पण दिसतोय.

तळ्याकाठचा (परभणी):
मग बोटुकली थेट सोडू नका, मरळ फस्त करील. वेगळ्या हौदात वीतभर वाढवा, मग सोडा. तोवर फुटव्हॉल्व्हभोवतीचंच गवत काढा अन् लगेच काठापासून लांब, मोसंबीच्या आळ्यात टाका. पाण्यात कुजलं तर ऑक्सिजन कमी पडून पहाटे मासे वर तोंड काढतील.