काळ्या फिती कुणासाठी, असं विचारणाऱ्यांना

नौपाडेकर

4 मार्च 2025 ला दुबईत चॅम्पियन्स करंडकाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य लढत चालू होती. तेव्हा आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या गटात 'खाडीपलीकडचा' यांनी लिहिलं: "खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती आहेत, मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांच्यासाठी म्हणे. माणूस गेला याचं वाईट वाटतं. पण भारतासाठी एकही कसोटी न खेळलेल्या माणसासाठी भारताच्या संघाने फिती का बांधायच्या? मुंबईवाले आपल्या माणसांना गेल्यावर मोठं करतात." खाली भराभर अंगठे पडले. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण सामना रंगात होता आणि डोकं तापलं होतं. दोन दिवसांनी डोकं अजूनही तापलेलंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

124 प्रथम श्रेणी सामने, 589 बळी, सरासरी 19.69. पहिला सामना 1961-62 च्या मोसमात, शेवटचा 1987-88 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत. हे आकडे पॅडींनी, म्हणजे शिवलकरांनी, स्वतःच्या बोटांनी कमावलेत. कसोटीची कॅप मिळाली नाही तो निर्णय दुसऱ्यांचा होता. तुम्ही दुसऱ्यांच्या निर्णयावरून त्यांचं मोजमाप करताय, मला राग आहे तो याचा.

1972-73 ची रणजी अंतिम लढत आठवा. चेपॉकला फिरकीची खेळपट्टी तमिळनाडूने वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांच्यासाठी केली होती. मुंबई 151 आणि 113. तमिळनाडू 80 आणि 61. शिवलकर 16 धावांत 8, मग 18 धावांत 5. मुंबईचं सलग पंधरावं रणजी विजेतेपद त्या तेरा बळींवर उभं आहे. त्या संघाचा कप्तान वाडेकर होता, तोच भारताचाही कप्तान होता. तरीही कॅप नाही.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. शनिवारी अर्धा दिवस भरून मला घेऊन ते थेट चर्चगेटला जायचे. धावा बघायला लोक सुनील गावसकरसाठी यायचे. वडील यायचे ते पॅडींची ओव्हर बघायला. चार पावलांची ती लय, हात वर जाताना अजिबात घाई नाही, चेंडू हवेत थोडा जास्त रेंगाळायचा आणि फलंदाज अर्धा पुढे येऊन अडकायचा. वडील एका शब्दानेही बोलायचे नाहीत, ओव्हर संपली की फक्त माझ्याकडे बघायचे. 3 तारखेला बातमी आली तेव्हा मी वडिलांच्या फोटोसमोर जाऊन सांगितली. ज्याला हसायचं त्याने हसावं.

खाडीपलीकडचा

वडिलांबद्दल आदर आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण भावना बाजूला ठेवून बोलू. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मलेला दुसरा डावखुरा फिरकीपटू, हे दैव आहे. बेदी 67 कसोटी, 266 बळी. त्यांना बसवून कुणाला घ्यायचं? 1979 मध्ये बेदी थांबले तेव्हा शिवलकर एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. दिलीप दोशींना घेतलं आणि त्यांनी 33 कसोटींत 114 बळी घेऊन निवड बरोबर ठरवली. यात अन्याय कुठे आहे?

आणि राजिंदर गोयल? तेही डावखुरे फिरकीपटू. प्रथम श्रेणीत 750 बळी, त्यातले बरेचसे हरियाणाकडून, म्हणजे पाठीशी मुंबईसारखी फलंदाजी नाही, शॉर्ट लेगला झेल घेणारा सोलकर नाही. ते 2020 मध्ये गेले. तेव्हा या गटात एक ओळ तरी कुणी लिहिली होती का? मी शोधून बघितलं, नाही लिहिली. हे दुःख क्रिकेटचं नाही, दादर-माटुंग्याचं आहे.

नौपाडेकर

गोयल यांच्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. लिहायला हवं होतं. पण मग तुमचा आक्षेप गोयलांसाठीही फिती हव्यात असा असला पाहिजे. पॅडींसाठी नकोत, असा कसा निघतो?

बेदींना बसवा असं कुणीच म्हटलेलं नाही. 1967 ला बर्मिंगहॅमला बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट असे चौघे फिरकीपटू एकाच कसोटीत खेळले. प्रसन्ना आणि वेंकट दोघेही ऑफस्पिनर, तरी एकत्र चालायचे. दोन डावखुरे एकत्र चालत नाहीत हा नियम कुणी केला? बरं, 1974 ला बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध बेदींना शिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवलं. जागा रिकामी होती. गोयलांना बोलावलं आणि ऐनवेळी बाहेर बसवलं, खेळले पुन्हा प्रसन्ना आणि वेंकट. याला दैव म्हणता?

गावसकरांनी पॅडी गेल्यावर स्वतः सांगितलं की कप्तान असताना निवड समितीला पटवू शकलो नाही, ही खंत आहे. ज्यांना कॅप मिळाली त्यातल्या काहींपेक्षा पॅडींचा हक्क जास्त होता, असंही म्हणाले. हे मी म्हणत नाही, गावसकर म्हणतायत.

जुना_कांगावाला

मी ऐरोलीत राहतो, पण माझं सगळं क्रिकेट शिवाजी पार्कवर गेलं. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये शिवलकरांसमोर उभा राहिलोय. जुलैची ओली खेळपट्टी, पॅडपर्यंत चिखल. पहिला चेंडू सोडला, दुसऱ्याला बॅट लावली, तिसरा कुठे गेला ते यष्टिरक्षकाला विचारावं लागलं. परत येताना ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्या बाद होण्याचा मला आजही अभिमान वाटतो.

खाडीपलीकडचा

हेच मी म्हणतोय. ओल्या खेळपट्टीवरचे बळी!

जुना_कांगावाला

अहो, कांगा लीगचा एकही बळी त्या 589 मध्ये धरलेला नाही! ती क्लबची स्पर्धा आहे. रणजी हिवाळ्यात व्हायची, कोरड्या खेळपट्ट्यांवर. त्यांचे रणजीचे 361 बळी तिथले आहेत. आधी माहिती घ्या, मग लिहा.

सानपाड्याची_आई

मध्येच बोलते, माफ करा. तुम्ही सगळे पन्नास वर्षांपूर्वीच्या अन्यायावर भांडताय. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, डावखुरा फिरकी टाकतो. त्याला टाकायला जागा कुठे आहे ते सांगा. आमच्या सेक्टरमधलं मैदान वर्षातले कितीतरी दिवस मांडव, प्रदर्शनं आणि लग्नांना दिलेलं असतं. खड्डे कुणी बुजवत नाही. उरलं ते कृत्रिम गवताचं टर्फ, तासाला हजार-दीड हजार रुपये, आणि तिथे पोरं फक्त आडवे फटके मारतात. सरांकडे पाठवायचं तर पहाटेची हार्बर लोकल पकडून आझाद मैदान, खांद्यावर त्याच्याच उंचीची किट बॅग. मालडब्यात चढला तर मोठी माणसं ओरडतात, साध्या डब्यात चढला तरी ओरडतात.

कळवा_नाका

ताई, अगदी बरोबर! टर्फ हा तर कहर आहे. गालिच्यावर चेंडू वळत नाही, घसरतो. बाजूची जाळी इतकी जवळ की उंची दिलेला प्रत्येक चेंडू बाहेर. पोरगा दोन महिन्यांत सपाट टाकायला शिकतो, आणि एकदा सपाट टाकायची सवय लागली की मनगट मेलं. असा शिवलकर पुन्हा होणारच नाही.

टर्फवाला_घोडबंदर

मी टर्फ चालवतो. कर्ज काढून उभं केलंय. पालिकेने मैदानं राखली असती तर माझ्याकडे कोण आलं असतं? रात्री अकराला कामावरून सुटलेली पोरं माझ्याकडे खेळतात, ती दारूच्या दुकानात गेलेली चालतील का? सगळा दोष आमच्यावर ढकलू नका. शिवलकर टर्फमुळे उपेक्षित राहिले का?

कळवा_नाका

तुमच्या जागी आधी काय होतं ते सांगा ना. आम्ही टेनिस बॉलवर खेळायचो तिथे. फुकट.

टर्फवाला_घोडबंदर

माझी जागा खाजगी आहे, कागद आहेत. तुम्ही कुठे खेळायचात ते मला माहीत नाही. जपून बोला.

सानपाड्याची_आई

तुम्ही दोघं भांडू नका. टर्फवाले दादा, सकाळी सहा ते आठ तुमचं टर्फ रिकामं असतं ना? त्या वेळेत मुलांना कमी पैशांत द्या. मैदान मिळेपर्यंत तेवढं तरी करा.

टर्फवाला_घोडबंदर

सानपाड्याहून घोडबंदरला पोरगं सकाळी सहाला कसं आणणार? पण घोडबंदरच्या मुलांसाठी देईन. शाळेचं ओळखपत्र दाखवायचं. गालिच्यावर फिरकी शिकता येत नाही हे मात्र मान्य आहे. मीही लेदर बॉलवर खेळलोय.

नौपाडेकर

धागा पॅडींचा आहे, मैदानांचा नाही. पण ताई, तुमचा राग समजतो. ठाण्याचं सेंट्रल मैदान आहे म्हणून माझी पोरं तरी लेदरवर खेळली.

खाडीपलीकडचा

मूळ प्रश्नावर या. मुंबईचा फलंदाज अमोल मुजुमदार. पदार्पणात 260, कारकिर्दीत 11,167 धावा, भारताकडून एकही सामना नाही. कारण समोर तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. त्याने रडगाणं गायलं नाही. आज भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक आहे. हे मला जास्त मोठं वाटतं.

जुना_कांगावाला

शिवलकरांनी तरी कुठे रडगाणं गायलं? शिवाजी पार्क जिमखान्यात वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होते. मैफलीत गाणी म्हणायचे. गोयल आणि शिवलकर दोघांनाही क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तेव्हा 2017 उजाडलं होतं. सत्तरी उलटल्यावर! रडतोय आम्ही, ते नाही रडले. आज रणजीत चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला साठ हजार रुपये मिळतात. त्यांच्या वेळी नोकरी सांभाळून खेळायचे, भत्ता काय तो सांगायची लाज वाटावी एवढा. आणि तुम्ही एका फितीचा हिशेब मागताय.

खाडीपलीकडचा

ठीक आहे. नायडू पुरस्कार मंडळाने दिला, म्हणजे मंडळाने त्यांना आपलं मानलं, मग फिती बांधण्याचा अधिकारही मंडळाचा. फितीवरचा आक्षेप मागे घेतो. पण 'बेदींपेक्षा सरस' असं जे कळव्याचे काहीजण दुसऱ्या धाग्यावर लिहितायत ते मी मरेपर्यंत मानणार नाही. प्रथम श्रेणीत 1560 बळी आहेत बेदींचे.

नौपाडेकर

बेदींपेक्षा सरस असं मी कुठे म्हटलं? बेदींच्या शेजारी, एवढंच म्हणतोय. फेब्रुवारीत मुंबईचे माजी कप्तान मिलिंद रेगे गेले, आता पॅडी. ज्यांनी यांना बघितलं ती पिढीही जातेय. म्हणून लिहून ठेवायचं.

खाडीपलीकडचा

शेजारी हा शब्दही थोडा जास्तच होतो. पण चालेल.

सानपाड्याची_आई

मैदानाचं काय ते सांगा. वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज मी लिहिलाय. लग्नांना मैदान देणं बंद करा आणि एक कोपरा लेदरसाठी राखून मातीची खेळपट्टी करा, एवढंच मागितलंय. नवी मुंबईचे जे कोणी इथे आहेत त्यांनी सह्या करा. खाडीपलीकडचे, तुम्ही वाशीतच राहता ना? पहिली सही तुमची पाहिजे.

खाडीपलीकडचा

पाठवा अर्ज. आधी वाचतो, मग ठरवतो.