इंग्रजी 'इंटरडिक्ट' म्हणजे सरसकट 'बंदी'?

हर्णैचा_वाचक: तटरक्षक दलाने संशयित बोट 'इंटरडिक्ट' केली, तर एका पोर्टलने छापलं, 'बोटीवर बंदी'. अरे, बोट वाटेत अडवली, बंदी कुठली? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची असते ती बंदी, आधी जाहीर करून घातलेली. स्कॉटलंड किंवा दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टाचा इंटरडिक्ट म्हणजे आपला मनाईहुकूम. जागा बघून शब्द वापरावा.

मालवणी_तात्या: माका नाय पटला. कोशात पहिला अर्थ मनाईच. जेटीवर 'पोहण्यास सक्त मनाई' लिहा की 'बंदी', पोरं उडी मारतातच.

काळा_कोट_रत्नागिरी: फरक आहे, तात्या. बांधाच्या भांडणात कोर्ट मनाई देतं ती समोरच्या पक्षकाराला, अख्ख्या वाडीला नाही. बातमीत 'बंदी' आलं की सगळ्यांनाच वाटतं आपल्यालाही लागू.

वसईकर: चर्चचा अर्थ राहिला. १२०८ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने राजा जॉनशी वाद झाला म्हणून इंग्लंडवर इंटरडिक्ट लावला. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) बंद, चर्चच्या भूमीत दफन बंद, १२१४ पर्यंत. याला 'वाळीत टाकणे' म्हणावं.

हर्णैचा_वाचक: नको. वाळीत म्हणजे बोलणं बंद, लग्नाचं आवतण बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. रायगड-रत्नागिरीत गावकीचा हा जाच इतका, की असल्या प्रकारांसाठी २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. इंग्लंडात शेजारी शेजाऱ्याशी बोलत होता. बाळांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचा पापकबुलीचा विधीही चालू होता. इंटरडिक्टने धर्मविधी थांबतात, माणूस समाजाबाहेर जात नाही. वाळीतच्या जवळ जातं ते एक्सकम्युनिकेशन, म्हणजे माणसालाच चर्चबाहेर काढणं, आणि जॉनवर ते १२०९ मध्ये वेगळं लागलं.

मालवणी_तात्या: म्हणजे विधींवर बंदीच ना! १६०६ मध्ये पोपने व्हेनिसवर इंटरडिक्ट लावला, तिथल्या सरकारने पाद्र्यांना मिस्सा चालूच ठेवायला लावल्या. १६०७ मध्ये उठवला. आमच्याकडे पर्ससीनवाले (मोठ्या घेरजाळ्याने मासे धरणारे) पाळतात तशीच ही बंदी.

वसईकर: हा हा, हे बरोबर. तरी 'बंदी'त धार्मिक अंग येत नाही. 'धर्मविधीबंदी' चालेल?

काळा_कोट_रत्नागिरी: चालेल, पण असा शब्द बातमीच्या मथळ्यात कोण घालणार?

मालवणी_तात्या: कोर्टाचं मनाईहुकूम, मान्य. बोट 'अडवली' लिहा, तेही मान्य. चर्चचं मात्र मी बंदीच लिहिणार.