अरेका पामच्या पानांची टोके करपतात: पाणी कमी पडते आहे की जास्त?

प्रश्न (पुणे, १२ मे)

नमस्कार. आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीत एक अरेका पाम आहे. दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणला तेव्हा तो कमरेइतका होता आणि आता माझ्या खांद्याला लागतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत कोवळे ऊन आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड अशी त्याची जागा आहे. पहिले दीड वर्ष तो फार छान वाढला. मात्र फेब्रुवारीपासून प्रत्येक पातीचे टोक तपकिरी होऊन कुरकुरीत होऊ लागले आहे आणि हा करपा आता दोन बोटांइतका आत आला आहे. खालची दोन पाने कडेने पिवळी पडली असून मधल्या शिरेलगत तेवढा हिरवा रंग उरला आहे.

एका माळ्याने पाणी कमी करायला सांगितले, तर शेजारच्या काकूंनी दिवसातून दोनदा घालायला सांगितले. दोन्ही करून पाहिले, पण काही फरक पडला नाही. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. पाणी वाया जाऊ नये, म्हणून गेल्या दिवाळीपासून मी आरओच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून झाडांना घालते. हे झाड माझ्या सासूबाईंनी हौसेने आणलेले आहे, त्यामुळे ते गमवायची माझी अजिबात तयारी नाही. नेमके कुठे चुकते आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर (नाशिक)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. करपा फेब्रुवारीत दिसू लागला आणि आरओचे पाणी दिवाळीपासून सुरू झाले, या दोन गोष्टींचा संबंध लावून पाहा.

आरओ यंत्र क्षार नष्ट करत नाही, ते फक्त बाजूला काढते. समजा, तीन लिटर पाणी आत गेले, त्यातून एक लिटर पिण्याचे निघाले आणि दोन लिटर नळीतून बाहेर पडले, तर तीन लिटरांतले जवळजवळ सगळे क्षार त्या दोन लिटरांत उतरतात, म्हणजेच ते पाणी मूळ पाण्याच्या सुमारे दीडपट खारे होते. मूळचे पाणी बोअरचे असेल, तर ते आधीच जड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचे लहानसे यंत्र कुणाकडून आणून तुमच्या बादलीतले पाणी एकदा मोजा, म्हणजे आकडा तुमच्या डोळ्यांसमोर येईल. हे पाणी फरशी पुसायला किंवा संडासात ओतायला वापरावे, कुंडीला घालू नये.

पाम क्षारांच्या बाबतीत नाजूक असतो आणि त्यातही अरेका अधिक. मुळांनी ओढलेले पाणी पातीच्या टोकापर्यंत जाऊन हवेत उडते, सोबत आलेले क्षार मात्र तिथेच साठत राहतात, म्हणून करपा नेहमी टोकापासून सुरू होऊन आत सरकतो. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या वरच्या थरावर मिठासारखी पांढरी पापडी धरली आहे का, ते पाहा. नखाने खरवडल्यावर तिची भुकटी झाली, तर शंकेला जागा उरत नाही.

आता उपाय सांगतो. वरची बोटभर माती खरवडून काढून टाका. कुंडी न्हाणीघरात किंवा गच्चीवर न्या आणि नळाच्या साध्या, शक्य तितक्या कमी क्षारांच्या दोन बादल्या पाणी अर्ध्या-पाऊण तासात सावकाश, थांबून थांबून तिच्यातून वाहू द्या, जेणेकरून साठलेले क्षार विरघळून तळाच्या भोकांतून निघून जातील. खालच्या ताटलीत जमलेले पाणी लगेच ओतून द्या, कारण ते तिथेच राहिले तर माती तेच खारे पाणी पुन्हा वर शोषून घेते. त्यानंतर वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नका. पाणी रात्रभर भरून ठेवावे, असे पुष्कळजण सांगतात. त्याने क्लोरीन उडून जातो, पण क्षार उडत नाहीत, हे लक्षात असू द्या. सोसायटीत पाणी मृदू करणारे यंत्र असेल, तरीही भुलू नका, कारण त्यात चुन्याच्या जागी सोडियम येते आणि ते झाडाला अधिकच बाधते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते. ते नळाच्या पाण्यात निम्मे मिसळून खुशाल वापरा.

करपलेली टोके आणि पिवळी पाने कापून टाका, म्हणजे झाड स्वच्छ दिसेल.

उत्तर (श्रीवर्धन)

पाण्याबद्दल वर जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते. मात्र पिवळी पाने कापण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही आणि ते आवर्जून सांगणे मला आवश्यक वाटते.

आमची पोफळीची वाडी आहे. कुंडीतला अरेका मूळचा मादागास्करचा असून आपली सुपारी वेगळी. तिचा एकच सोट वाढतो आणि याचे बेट होते. तरीही दोघांचा स्वभाव मिळताजुळता आहे. वाडीत पोफळीचे पान कुणी ओढून काढत नाही. ते पिवळे होते, वाळते आणि आपल्या वेळेला विरीसकट (खोडाला वेढणाऱ्या देठाच्या रुंद तळासकट) गळून खाली येते. पाम जातीच्या झाडाला पालाश (पोटॅशियम) किंवा मॅग्नेशियम कमी पडले, की ते जुन्या पानातले अन्न काढून नव्या कोंबाकडे पाठवते. ते पिवळे पान कापले, की झाडाची शिदोरीच काढून घेतल्यासारखे होते, मग पिवळेपणा त्याच्या वरच्या पानावर चढतो. तुम्ही वर्णन केलेली खूण, म्हणजे कडेने पिवळे आणि शिरेलगत हिरवे जुने पान, ही मॅग्नेशियमच्या कमतरतेची आहे. म्हणून पान पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत राहू द्यावे. करपलेली टोके डोळ्यांना खुपत असतील, तर कात्रीने पातीच्या आकाराप्रमाणे तिरपी कापा, पण तपकिरी रंगाची बारीक कड शिल्लक ठेवा, कारण हिरव्या भागावर कात्री लागली, तर तिथून पुन्हा करपते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मधल्या शेंड्याला हात लावू नका. आंबा, जास्वंद छाटले तर फुटतात, पण पामच्या प्रत्येक सोटाला वाढीची एकच जागा असते आणि ती गेली, की तो सोट संपला. उंची कमी करायची म्हणून शेंडा छाटलेले अरेका मी पाहिले आहेत. त्या झाडांकडे पाहून फार वाईट वाटते.

खताची घाई नको. क्षार धुऊन झाल्यावर महिनाभर काहीही घालू नका, कारण रासायनिक खत हासुद्धा क्षारच असतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला, की दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वरच्या मातीत मिसळा आणि त्यानंतर लिटरभर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा एप्सम मीठ विरघळवून महिन्यातून एकदा घाला. याला मीठ म्हणत असले तरी ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, स्वयंपाकघरातले मीठ चुकूनही वापरू नका.

कुंडी बदलायची झाली तर तीही पावसाळ्याच्या तोंडावरच बदला. नवी कुंडी दोनच इंच मोठी घ्या, मुळांचा गोळा न फोडता उचला आणि सोट पूर्वी जितका मातीत होता तितकाच ठेवा. खोल पुरला तर बुंधा कुजतो. मिश्रणात कोकोपीट घालणार असाल, तर ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. नारळाच्या सोडणाचा तो भुसा असल्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मूळचेच क्षार असतात आणि तुमची सगळी मेहनत त्याने वाया जाईल.

उत्तर (नागपूर)

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि त्या कोरड्या हवेत पामवर लाल कोळी हमखास येतो. ही कीड इतकी बारीक असते, की नुसत्या डोळ्यांना धुळीसारखी भासते. पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर तो कोळीच होय. पानाची झळाळी जाऊन त्यावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, पुढे खालच्या बाजूला बारीक जाळी धरते. तसे असेल तर आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा आणि संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडासा पातळ साबण मिसळून फवारा.

कूलर असलेल्या घरांसाठी एक सूचना. कूलरजवळची दमट हवा पामला मानवते, पण कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडाला कधीही घालू नये. रोज पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच राहतात, म्हणजे तुमच्या आरओच्या बादलीचाच तो प्रकार आहे. एका उन्हाळ्यात मी स्वतः असे करून दोन रॅफिस पाम घालवले आहेत.

प्रश्नकर्ती (पुणे, २८ जुलै)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण परिणाम दिसल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

बादलीतल्या पाण्याचा टीडीएस १,१४० निघाला आणि नळाच्या पाण्याचा ७६०. कुंडीच्या काठावरची पापडी खरवडली, तेव्हा मूठभर पांढरी भुकटी निघाली. ती पाहून मला अक्षरशः रडू आले, कारण सहा महिने मी काळजीपूर्वक तेच पाणी घालत होते. कागदावर काहीही हलले नाही, त्यामुळे निंबोळी तेलाची गरज पडली नाही. कुंडी दोनदा धुतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून झाड गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला, ऊन थेट लागणार नाही पण पाऊस मिळेल असे ठेवले आहे. खालची दोन पाने तशीच राहू दिली. त्यातले एक पूर्ण वाळले आणि हात लावताच विरीसकट सुटून आले.

जुन्या पानांची टोके अर्थातच तशीच आहेत. मेमध्ये मधल्या सोटात जो कोंब बंद छत्रीसारखा उभा होता, तो गेल्या आठवड्यात उलगडला. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक पाती टोकापर्यंत तपासली आणि सगळ्या पाती हिरव्या आहेत. पावसाचे पाणी साठवायला पन्हळीखाली दोन पिंपे ठेवली आहेत. ती झाकून ठेवली, तर दिवाळीपर्यंत पुरावीत.